क्लबची वेळ

१

आत्यांचा सकाळचा चहा कपातच गार झाला होता. ज्यांना आत्या माहीत आहेत त्यांना एवढ्यावरूनच कळेल की प्रकरण साधं नव्हतं. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली ही बाई. लोकांची भांडणं, जुळलेली आणि मोडलेली लग्नं, रडारडी, सगळं कानांवरून गेलेलं. पण चहा कधी गार होऊ दिला नव्हता.

समोर भाची बसली होती. आवाज बारीक म्हणून घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे. बंदराच्या रेडिओ केंद्रात ती दोन वर्षांपूर्वी लागली, तेव्हा पहिला पेढा आत्यांनीच खाल्ला होता.

"रेकॉर्डिंग नाहीये, आत्या," चिमणी म्हणाली. "परवाचं, कालचं, काहीच नाही. यादी रिकामी."

घडलं होतं असं. परवा दुपारी दोन चाळीसला मासेमारीच्या एका लाँचचं इंजिन बंद पडलं आणि लाँच खडकांकडे वाहत निघाली. लाँचवरच्या मुख्य खलाशाने, तांडेलाने, रेडिओच्या मदतीच्या वाहिनीवर हाक मारली. चिमणीचं म्हणणं, हाक ऐकली, लगेच उत्तर दिलं, जागा विचारली, पुन्हा पुन्हा विचारली, पण पलीकडून काही नाही. दोन बावन्नला तांडेलाने आपणहून जागा सांगितली आणि तिने त्याच मिनिटाला मदतीची बोट सोडली. तांडेलाचं म्हणणं, बारा मिनिटं कुणी ओ दिली नाही. तोवर लाँच खडकावर आपटली आणि एका खलाशाचा पाय मोडला. केंद्राचं स्वतःचं रेकॉर्डिंगचं यंत्र तीन आठवडे दुरुस्तीला गेलेलं होतं. म्हणजे एकाच्या शब्दापुढे दुसऱ्याचा शब्द.

पण तिसरा एक शब्द होता, आणि घोळ तिथेच होता. टेकडीवर पाण्याच्या टाकीशेजारी एका खोलीत रेडिओ क्लबचा रिसीव्हर आहे. तिथे कुणी बसत नाही. सभासद आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसतात, नेटवरून टेकडीवरचं डायल फिरवतात आणि ऐकतात. एका वेळी एकच माणूस. रोज दुपारी दोन ते चार मात्र ते डायल मदतीच्या वाहिनीवर पक्कं केलेलं असतं. केंद्राला जादा कान हवा म्हणून कुणीतरी एक सभासद तेवढा वेळ ऐकतो आणि नोंदवही लिहितो. त्या दोन तासांत जे येईल ते खोलीतल्या कॉम्प्युटरवर आपोआप रेकॉर्डही होतं. परवा पाळी होती बोटकाकांची. चाळीस वर्षं जहाजांवर रेडिओ सांभाळलेला माणूस. त्यांची नोंद होती, 'दोन तीस ते दोन पन्नास, शांतता.' लाँचची लांबची हाक टेकडीवर पोचली नसेल असं धरलं, तरी केंद्राचं उत्तर तिथे ऐकू यायलाच हवं होतं.

"म्हणजे मी उत्तर दिलंच नाही, मागाहून वहीत खोटं लिहिलं, असं ठरतंय," चिमणी म्हणाली. "आज चार वाजता चौकशी आहे. नोकरी जाईलच, परवानाही जाईल. मग कुठलंच केंद्र मला दारात उभं करणार नाही."

"बोटकाका खोटं लिहितील?"

"आत्या, त्यांनीच मला शिकवलंय सगळं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, तीन वर्षं. ते खोटं लिहिणार नाहीत. आणि मी उत्तर दिलंय."

दोघंही खरं बोलत असतील तर निकाल त्या रेकॉर्डिंगमध्ये होता, आणि नेमकं तेच नव्हतं. आत्यांनी गार चहा एका घोटात संपवला.

"त्या खोलीची किल्ली कुणाकुणाकडे आहे?"

"तिघांकडे. नेटवाला, दातांचे डॉक्टर आणि बोटकाका."

तिघंही ओळखीचे, तिघंही चिमणीच्या पहिल्या पगाराचे पेढे खाल्लेले. आत्यांनी पायांत चपला सरकवल्या.

२

नेटवाल्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान म्हणजे उघड्या पोटाच्या यंत्रांचा दवाखाना. टेकडीवरच्या रिसीव्हरला नेटची जोडणी त्यानेच करून दिली होती. आत्यांना पाहताच त्याने स्टूल पुसलं.

"पुसलंय कुणीतरी, आत्या. मीच सकाळी पाहिलं. रात्री चिमणीचा फोन आला, म्हटलं सकाळी काढून देतो, बघतो तर सगळं सफाचट."

"इथे बसल्या बसल्या पुसता येतं?"

"मला येतं. बाकी दोघांनाही येईल, पासवर्ड आहे. पण कुणी पुसलं तर यंत्र त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवतं. तसं काही लिहिलेलं नाहीये. उलट काल चार ते सहा कुणी नेटवरून आलेलंच दिसत नाही." त्याने डोकं खाजवलं. "एवढंच दिसतंय, की काल संध्याकाळी पाच पस्तीसला यंत्र बंद झालं आणि पाच एकेचाळीसला सुरू झालं. वीज गेली असेल."

"असेल असेल काय करतोस? चल वर."

"एकशे बारा पायऱ्या आहेत, आत्या."

"मोजल्यास म्हणजे चढला आहेस. चल."

टाकीपाशी पंपवाला खुर्ची टाकून बसला होता. आत्यांनी त्याची वही मागून घेतली. काल चार ते सात पंप अखंड चालला होता, आणि पंपाची व खोलीची तार एकच. म्हणजे वीज गेली नव्हती. कुणी आलं होतं का, यावर पंपवाला म्हणाला की पाच ते सहा तो खालच्या व्हॉल्व्हवर होता, वर काय झालं ते देव जाणे.

खोली लहान. भिंतीला टेबल, टेबलावर रिसीव्हर, शेजारी एक छोटं कॉम्प्युटर, वर लाकडी पेटीतला मोठा स्पीकर. नेटवाल्याने कॉम्प्युटरच्या मागे हात घातला आणि तो थबकला.

"हा पेनड्राइव्ह माझा नाही. रेकॉर्डिंगसाठी मी लावलेला काळा होता. हा निळा आहे, कोराच दिसतोय."

"म्हणजे पुसलं कुणी नाही. उचलून नेलं." आत्या खुर्चीत बसल्या. आता एक गोष्ट तरी सरळ झाली होती. "मग तू सुटलास. ज्याला दुकानात बसून हवं ते करता येतं तो पायऱ्या कशाला चढेल? आणि चढलाच असतास तर तुझा पेनड्राइव्ह काळा होता हे मला आपणहून सांगितलं नसतंस."

नेटवाल्याला आपण संशयित होतो हे आत्ता कळलं. तो जरा दुखावला.

आत्यांनी स्पीकरचं बटण दाबलं आणि दोघंही दचकून मागे सरकली. खोली दणाणून गेली. नेटवाल्याने घाईघाईने आवाज कमी केला.

"आवाजाची कळ पुरी फिरवून ठेवलीय कुणीतरी. एवढ्या मोठ्याने कोण ऐकतं?"

"ती कळ नेटवरून फिरते?"

"नाही. ती फक्त इथल्या स्पीकरची. बाकी सगळं नेटवरून फिरतं, ती तेवढी हाताने."

आत्यांनी मान हलवली. मग त्यांना जुनी सवय आठवली. एक्स्चेंजमध्ये फोनवर वेळ सांगायचं काम काही वर्षं त्यांच्याकडे होतं, आणि सेकंदाचा काटा चुकला तर त्यांना अजून चैन पडत नसे. त्यांनी नेटवाल्याला वेळेचं केंद्र लावायला सांगितलं. जगाला वेळ सांगणारी टिक टिक स्पीकरमधून येऊ लागली. आत्यांनी मनगटावरचं घड्याळ मिळवलं. तेवढ्यात नेटवाल्याने आपल्या फोनवर क्लबचा रिसीव्हर उघडला होता, आणि फोनमधून तीच टिक टिक येत होती, पण मागून. स्पीकरमध्ये मिनिट भरलं. एक, दोन, तीन. मग फोनमध्ये भरलं.

"हे काय रे?"

"आवाज इथून पुड्या बांधून पाठवायचा, तिकडे पुड्या सोडायच्या. गेल्या महिन्यात नवी जोडणी केली तेव्हापासून तीन सेकंद लागतात." तो कानकोंडा झाला. "क्लबातले सगळे या टिकटिकीवर घड्याळं मिळवतात, म्हणून सगळे तीन सेकंद मागे. मी मनातल्या मनात त्याला क्लबची वेळ म्हणतो. कुणाला सांगू नका हं. बोटकाका तर घड्याळ पुढे पळतंय म्हणून घड्याळजीकडे जाऊन आले. त्यांना कळलं तर ते तीन सेकंद मला शोधून आणायला लावतील."

आत्या हसल्या, पण पायऱ्या उतरताना त्यांचं हसू मावळलं. उरले दोघं.

३

दवाखान्यात आधी वेळ ठरवल्याशिवाय डॉक्टर कुणाला घेत नसत, म्हणून आत्यांनी सांगितलं की दाढ ठणकतेय. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं.

"आ करा."

दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा दूरदेशची केंद्रं पकडत बसणं हा डॉक्टरांचा एकुलता एक शौक. दोन ते चार डायल पक्कं केल्यापासून तो शौक बुडाला होता, आणि जादा कानाची ही व्यवस्थाच बंद करा असं पत्र त्यांनी क्लबला दोनदा दिलं होतं. तोंड आ केलेल्या बाईपुढे ते मोकळेपणाने बोलत. बोलतच राहत.

"चिमणीचं ऐकलं मी. वाईट झालं. पण मी म्हणत होतो की नाही, हे काम आपलं नाही? आता आली ना पंचाईत? तुमची दाढ उत्तम आहे, बाई. काय ठणकतंय?"

आत्यांनी तोंडातला कापूस काढला. "मन ठणकतंय. काल साडेपाचला तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. पेशंट होते."

"बाहेरची मुलगी म्हणाली, पाच ते सहा तुम्ही नव्हतात."

डॉक्टर लाल झाले. आत्यांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजव्या पंजावर ताजे ओरखडे होते आणि बुटाला सिमेंट लागलं होतं. टेकडीच्या पायऱ्या दगडी, तिथे सिमेंट कुठलं?

"हळू बोला," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दार लोटलं. "गच्चीवर होतो. स्वतःची अँटेना लावतोय. घरमालकाने मनाई केलीय, म्हणून पाण्याच्या टाकीमागे लपवून बसवतोय. दोन ते चारची कटकटच नको. तुम्हाला दाखवतो हवं तर, पण कुणाला बोलू नका."

आत्या गच्चीवर जाऊन बघून आल्या. टाकीच्या आड तारेचं जाळं आणि ओलं सिमेंट. खोटं बोलायला एवढं सिमेंट कुणी कालवत नाही.

"आणि एक सांगतो," खाली आल्यावर डॉक्टर तावातावाने म्हणाले. "सहाला मी परत येऊन ऐकायला बसलो, तर डायल वेळेच्या टिकटिकीवर. आमचा नियम आहे, उठताना डायल मदतीच्या वाहिनीवर आणून ठेवायचं. कोण हा बेशिस्त, म्हणून मी पाहिलं, तर माझ्या आधी दोन तास कुणी आलेलंच नाही. भुताने फिरवलं की काय डायल?"

"भुताला वेळ कशाला कळायला हवी?" आत्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, तर बरोबर तीन सेकंद मागे. डॉक्टर अगदी काटेकोर क्लबच्या वेळेवर चालत होते.

आत्या दवाखान्यातून निघाल्या. आता एकच दार उरलं होतं, आणि ते त्यांना वाजवायचं नव्हतं.

४

बोटकाकांनी दार उघडायला बराच वेळ लावला. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधलेली होती.

"या बाई. इकडे बसा, खिडकीपाशी. उजेडात."

आत्या उजेडात बसल्या. काका समोर बसले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. खोली एखाद्या केबिनसारखी नीटनेटकी. जेवणाचं टेबल तेच, जिथे चिमणी तीन वर्षं शिकली. तिच्या बोटांनी पडलेला शाईचा डाग अजून होता. त्यावर काकांनी फुलदाणीसुद्धा ठेवली नव्हती.

"गुडघा पुन्हा?"

"रविवारी बरा होता. आजच धरलाय. चार आठवडे झाले, टेकडीवर गेलो नाही. सगळं इथूनच." त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "रोज पाचला टिकटिक लावतो, घड्याळ मिळवतो आणि उठतो. बाकी काय उरलंय मला? बायको गेली, जहाज गेलं. हे एक काम आहे, दुपारी दोन ते चार. आठवड्यातून तीन दिवस. तेवढे तीन दिवस मी दाढी करतो."

"परवा खरंच काही ऐकलं नाहीत?"

"ऐकलं असतं तर लिहिलं असतं," काका शांतपणे म्हणाले. "पोरीसाठी मला वाईट वाटतं. फार वाटतं. पण जे ऐकलं नाही ते कसं लिहू?"

ते खरं बोलत होते. एकतीस वर्षं नुसत्या आवाजांवर माणसं ओळखलेल्या आत्यांना तेवढं कळत होतं. त्या उठल्या, पुस्तकांच्या कपाटापाशी गेल्या. तिथे ओळीने जुन्या नोंदवह्या होत्या, जहाजांच्या, सालवार.

"एवढ्या वह्या जपून ठेवल्यात?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

काका बोलले नाहीत. आत्यांना वाटलं, विषय नको असेल. त्यांनी एक वही उघडली. सुंदर अक्षर. एका ठिकाणी चूक झाली होती. तो शब्द खोडला नव्हता, त्यावर एकच आडवी रेघ मारून वर नवा शब्द, बाजूला सही आणि वेळ होती. चिमणीही असंच करायची. वाणसामानाच्या यादीतसुद्धा साखर चुकली तर एक रेघ आणि सही.

त्या परत येऊन समोर बसल्या. "वह्या फार छान ठेवल्यात, म्हणत होते."

"हो हो," काका लगेच म्हणाले. "वहीतलं कधी फाडायचं नाही, खोडायचं नाही. जे आहे ते दिसलं पाहिजे. पहिल्या दिवशी तिला हेच शिकवलं." त्यांनी मनगट वर केलं. "बारा वाजतील आता. तुम्हाला जेवायला उशीर होईल."

आत्यांनीही आपलं घड्याळ पाहिलं. त्या दोघांच्या मनगटांवरचे सेकंदकाटे बरोबरीने चढत गेले आणि एकाच क्षणी बारावर आले.

आत्यांनी निरोप घेतला. फाटकापर्यंत पोचल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

५

फाटकाला धरून त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. एखाद्याचं गुपित कळलं की आनंद होतो म्हणतात. आत्यांना तसलं काही झालं नाही. त्यांना रडू येत होतं. पण चार वाजता चौकशी होती, आणि पलीकडे चोवीस वर्षांची पोर होती.

त्या परत फिरल्या. या वेळी काकांनी दार उघडंच ठेवलं होतं.

"बोटकाका, तुमचं घड्याळ बरोबर आहे," आत्या त्यांच्या समोर, उजेडात उभं राहून म्हणाल्या. "आणि तेच चुकलंय. नेटवरून वेळ मिळवणारा माणूस तीन सेकंद मागे असतो. नव्या जोडणीपासून क्लबातली सगळी घड्याळं मागे आहेत. त्या नेटवाल्या पोराने तुम्हाला घाबरून सांगितलं नाही. तुम्ही चार आठवडे टेकडीवर गेला नसतात तर तुमचंही मागे असतं. अगदी बरोबर फक्त त्याचंच असेल जो सेटसमोर बसला होता."

काका आपल्या मनगटाकडे पाहत राहिले.

"म्हणजे घड्याळ बिघडलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "काल वर टिकटिक लावली, तर हे तीन सेकंद मागे. म्हटलं, कानांपाठोपाठ आता हेही गेलं."

"तिथून निघताना तुम्ही घड्याळ मिळवलंत. चोरी करायला गेलेला माणूस घड्याळ मिळवतो का? पण जहाजावरचा रेडिओवाला मिळवतो. डॉक्टरांना डायल टिकटिकीवर सापडलं. स्पीकरचा आवाज शेवटपर्यंत फिरवलेला होता. तुम्ही मला उजेडात बसवता, तोंडाकडे बघता. मी पाठ फिरवून विचारलं तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नाहीत." आत्यांनी त्यांचा हात धरला. "कधीपासून ऐकू येत नाही, काका?"

बोटकाका खाली बसले. लाजेने त्यांची मान वर होईना.

"टिकटिक ऐकू येते. जाड आवाज येतात. बारीक आवाज, तोही खरखरीतला, तो जातो. वर्ष झालं असेल. मी हेडफोनचा आवाज मोठा करत गेलो, म्हटलं तेवढ्याने भागेल. परवा लाँच मुळात लांबची, तिची हाकही क्षीण. मला खरंच शांतता वाटली, बाई. मी शांतता लिहिली."

"आणि काल?"

"काल दुपारी बंदरातून फोन आला, तुमची नोंद नक्की ना म्हणून. नक्की, म्हटलं. पण फोन ठेवला आणि आत काहीतरी हललं. इथे ते रेकॉर्डिंग लावून पाहिलं, काही कळेना. म्हणून वर गेलो. पायऱ्या एकेक करून चढलो. मोठ्या स्पीकरवर, पूर्ण आवाजात, पेटीला कान लावून ऐकलं." त्यांचे डोळे भरले. "ती बोलत होती. जसं शिकवलं अगदी तसं. हाक, थांबायचं, जागा विचारायची, थांबायचं, पुन्हा. सात वेळा, बाई. न घाबरता. इतकं सुंदर काम मी जहाजावरही फार कमी ऐकलं. आणि मी ते शांतता म्हणून लिहून बसलो होतो."

"मग तिथूनच फोन का नाही केलात?"

"केला असता तर आजपासून दोन ते चार माझं काही नाही. कोण बहिऱ्याला ऐकायला बसवेल? मी भ्यालो. म्हटलं, एक रात्र विचार करू. मग यंत्र बंद करून दुसरा ड्राइव्ह लावला आणि पहिला खिशात घातला. सकाळी उठलो तर आणखीच भ्यालेलो."

त्यांनी टेबलाचा खण ओढला. काळा पेनड्राइव्ह एका स्वच्छ रुमालात गुंडाळून ठेवलेला होता. फोडायला, फेकायला पूर्ण एक रात्र होती. त्यांच्याच्याने ते झालं नव्हतं.

आत्यांनी तो उचलला नाही. "मी हा घेऊन जाऊ शकते. पण मी नेला तर ती सुटेल आणि तुम्ही चोर ठराल. तुम्ही आणलात तर ती सुटेल आणि तुम्ही..." आत्यांनी खण अलगद बंद केला. "पावणेचारपर्यंत मी बंदराच्या दारात उभी राहीन. त्यानंतर मला बोलावं लागेल, काका. ती माझ्या भावाची मुलगी आहे."

६

पावणेचार वाजून गेले. दारात आत्या, आत चिमणी, टेबलापलीकडे बंदराचे अधिकारी आणि कोपऱ्यात तो तांडेल, टोपी हातात फिरवत. आत्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. एक वेळ अशी आली की त्यांना स्वतःच्याच भल्या मनाचा राग आला.

मग रस्त्याच्या टोकाला काठीचा आवाज आला. बोटकाका येत होते. दाढी केलेली, जुना निळा कोट घातलेला, काखेत नोंदवही.

आत गेल्यावर ते उभेच राहिले. अधिकाऱ्यांना म्हणाले, "माझ्याकडे तोंड करून बोला, मला कमी ऐकू येतं." हे वाक्य त्यांनी एक वर्ष तोंडात धरून ठेवलं होतं. मग पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

रेकॉर्डिंग लागलं. खरखर, खरखर, आणि त्यात तांडेलाची लांबून आलेली हाक. यंत्राने वेळ दाखवली, दोन वाजून चाळीस मिनिटं. लगोलग चिमणीचा आवाज. बारीक, पण स्वच्छ. "लाँच, केंद्र ऐकतंय. जागा सांगा." मग थांबणं. मग पुन्हा. सात वेळा. तांडेलाने टोपी फिरवणं थांबवलं.

"मला यातलं काहीच आलं नव्हतं," तो म्हणाला. "माझाच सेट ऐकत नसणार. मी पोरीला उगाच..."

अधिकाऱ्यांनी चिमणीची वही बंद करून तिच्याकडे सरकवली. तिच्यावर काही ठपका नाही, असं त्यांनी सांगितलं. चिमणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती उठून बोटकाकांसमोर आली, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी उभी राहिली.

"मला का नाही सांगितलंत, काका? मी मोठ्याने बोलले असते."

"अजिबात नाही," बोटकाका म्हणाले. "तू बोललीस तसंच बोलायचं असतं. पेन दे."

त्यांनी नोंदवही उघडली. परवाचं पान. 'शांतता' या शब्दावर त्यांनी एकच आडवी रेघ मारली, खालचा शब्द नीट वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'हाक आली. केंद्राने लगेच उत्तर दिलं. मला ऐकू आलं नाही.' सही केली. अक्षर बिघडलं नाही.

"वेळ?" चिमणीने विचारलं. दुरुस्तीपुढे वेळ लिहायची असते, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

बोटकाकांनी मनगट वर केलं. आत्यांनीही आपलं घड्याळ पाहिलं.

"चार वाजून एकोणीस मिनिटं," काका म्हणाले, आणि वेळ बरोबर होती.